वयाच्या 48व्या वर्षी दृढीकरण: दाखला, वर्ग आणि एक जुनी वही

19 मे 2024 रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, भायखळ्याजवळच्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझे दृढीकरण झाले. माझ्याबरोबर सात मुले होती आणि त्यांतले सर्वांत मोठे सोळा वर्षांचे होते. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनाचे ताट पुढे जाऊ देणारी माझ्यासारखी मोठी माणसे आणखी असतील, असे मला वाटते. त्यांच्यासाठी हा नऊ महिन्यांचा अनुभव तारखांसकट लिहीत आहे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्या मंडळीत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या विश्वासावर होतो. पुढे चौदा ते सोळा या वयात मूल स्वतःच्या तोंडाने त्या विश्वासाला होकार देते, बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि त्यानंतर ते प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, सहभागी होऊ लागते. माझ्या त्या वयात वडिलांची बदली झाली आणि आम्ही नगर जिल्ह्यातले गाव सोडून मुंबईत आलो. त्या वर्षी दृढीकरणाचा वर्ग हुकला. नंतर कॉलेज, नोकरी, लग्न. तोपर्यंतचे कारण खरेच सवडीचे होते.

2012 नंतरचे कारण मात्र वेगळे होते. वडिलांच्या पश्चात गावच्या घरावरून माझे आणि दादाचे बिनसले होते आणि आई दादाकडे राहत होती. एका संध्याकाळी फोनवर मी आईला असे शब्द बोलले जे आजही मला लिहवत नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर दादाशी बोलणे थांबले आणि मी एक वही सुरू केली. मी एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात काम करते, त्यामुळे वही हिशेबाचीच झाली. रोज रात्री तारीख घालून त्या दिवशी चुकलेली प्रार्थना, कुणाला लागेलसे बोललेले वाक्य, मनात आलेला मत्सर, सगळे मी तीत मांडत असे. एवढे फिटले की मग प्रभूच्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, जायचे, असा माझा मनाशी ठराव होता. दृढीकरण झालेले नव्हते, त्यामुळे मी ताट का घेत नाही असे कुणी विचारतही नसे. यजमान वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकत आणि मी बाकावर बसून त्यांची पिशवी सांभाळत असे. नसलेल्या कागदाचा मी अकरा वर्षे आडोसा केला होता.

3 सप्टेंबर 2023 हा महिन्यातला पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. ज्यांना सगळे आत्याबाई म्हणतात त्या वयोवृद्ध बाईंनी माझा हात धरला आणि कठड्यापर्यंत पोचवायला सांगितले. त्यांना गुडघ्यांवर बसवून मी मागे सरकू लागले, पण त्यांनी हात सोडला नाही. पाळकसाहेब भाकर घेऊन आले, त्यांनी आत्याबाईंच्या तळहातावर तुकडा ठेवला आणि ते माझ्यापुढे क्षणभर थांबले. मी मान हलवली. ते पुढे गेले. आत्याबाईंचा हात थरथरत होता आणि त्यांच्या मुठीत अजून माझी बोटे होती. त्या रात्री मी वही उघडली, पण काय लिहावे ते मला कळेना.

मंगळवारी, 5 सप्टेंबरला, मी मंडळीच्या कार्यालयात गेले. एक अर्ज, दोन फोटो, वर्गणीची चालू वर्षाची पावती आणि बाप्तिस्म्याचा दाखला, इतकेच मागितले गेले. दृढीकरणाची फी नसते. वर्ग 1 ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी आठ वाजता, उपासनेच्या आधी. दाखला नंतर आणला तरी चालेल, पण दृढीकरणाआधी हवा, असे पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितले. माझ्याकडे दाखला नव्हता. त्यासाठी गावी जाणे भाग होते आणि गावात दादा होता.

पहिल्या दिवशी वर्गात जाताना मी फार संकोचले होते. मुले मला काकू म्हणून बसायला जागा देत होती. पण ज्यांना वयाची लाज वाटते त्यांना मी एवढे सांगेन की ती दुसऱ्या रविवारपर्यंतही टिकत नाही. मुले असे प्रश्न विचारतात जे आपण कधी तोंडातून काढले नसते. आम्ही बायबलमधले, प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र घेतले होते. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून यहुद्यांच्या नियमशास्त्राचे जू मानेवर घेतलेच पाहिजे, असे काही जण गलतीयातल्या मंडळ्यांना सांगत होते. त्यावर पौलाने कळवळून आणि रागाने लिहिलेले हे पत्र आहे. मनुष्य नियमशास्त्राच्या कृत्यांनी नव्हे, तर येशू ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, हे त्याचे सांगणे. पंधरा वर्षांच्या एका मुलाने लगेच विचारले, "मग काहीही केलं तरी चालतं का?" पाळकसाहेबांना आनंद झाला. हाच प्रश्न रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल स्वतः उपस्थित करतो आणि ठामपणे नाही म्हणतो, हे त्यांनी दाखवले. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातही तो म्हणतो की तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावले आहे, पण ते स्वातंत्र्य देहवासनांना वाव द्यायला वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. जो सुटला आहे तोच मोकळेपणी दुसऱ्याचे पाय धुऊ शकतो. ज्याला आपली सुटका अजून कमवायची आहे त्याची सेवाही स्वतःसाठीच असते. हे ऐकताना मला माझी वही आठवली.

दसऱ्याच्या सुट्टीला जोडून 21 ऑक्टोबरला मी कल्याणहून माळशेज घाटमार्गे नगरला गेले. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. नगरला लॉजवर उतरले, 900 रुपये रात्रीचे. गावातली मंडळी पाहणाऱ्या पाळकांकडे तीन गावे आहेत आणि नोंदवही त्यांच्याच ताब्यात असते, त्यामुळे रविवारपर्यंत थांबावे लागले. इथे एक सूचना करते: गावाकडचा दाखला काढायला जाण्यापूर्वी पाळक कोणत्या दिवशी भेटतील ते फोनवर विचारून घ्या, आणि बाप्तिस्म्याचे निदान साल तरी नक्की करून जा. साल सांगता आले नाही तर पानन् पान शोधावे लागते.

मला साल ठाऊक होते. 28 डिसेंबर 1975, नाताळनंतरचा रविवार. नोंदवहीचे पान कडेला तपकिरी पडले होते, पण निळी शाई स्वच्छ होती. वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव, तारीख, सारे बरोबर होते. मुलीच्या नावाच्या रकान्यात मात्र लिहिले होते, "बेबी". शाळेत घालताना माझे आजचे नाव ठरले. तोवर घरात मी बेबीच होते. शोधाचे 100 आणि उताऱ्याचे 50 रुपये भरून मी उतारा घेतला. पाळक समजूतदार होते, पण नोंदवहीत आहे तेच उताऱ्यात लिहिता येते, असे त्यांनी सांगितले. ही बेबी म्हणजे तुम्हीच, असे तुमचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हजर असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याचे लेखी निवेदन घ्या. मग ते म्हणाले, "तुमचे बंधू इथंच तर आहेत. आज उपासनेला होते."

मी दादाच्या घराच्या दिशेने चार पावले गेले आणि परत फिरले. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला आले.

नोव्हेंबरात मी केवळ प्रतिज्ञापत्रावर काम भागवायचा प्रयत्न केला. 100 रुपयांचा मुद्रांक, नोटरीचे 400, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड. मंडळीच्या कार्यालयाने ते पाहून सांगितले की मजकुरात बाप्तिस्म्याची तारीख आणि आईवडिलांची नावे नोंदवहीप्रमाणेच हवीत, आणि निवेदनाशिवाय हे पुरे होणार नाही. तेवढाच खर्च पुन्हा करावा लागला. म्हणून ज्या कार्यालयाला प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे तिथून आधी मजकूर तपासून घ्या आणि मगच मुद्रांक विकत घ्या.

त्या दिवसांत मला एक शंका छळत होती. ज्याची मला आठवणही नाही आणि ज्यात माझे धड नावही नाही, तो बाप्तिस्मा माझा कसा? वर्गात पंडिता रमाबाईंचा विषय निघाला तेव्हा थोडा धीर आला. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, तोही पूर्ण जाणत्या वयात, शास्त्रांचा एवढा अभ्यास असताना. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर कितीतरी वर्षे जावी लागली. दौंड तालुक्यातल्या केडगावी त्यांनी जे काम उभे केले त्याला मुक्ती हे नाव दिले, ते उगीच नव्हे. माझ्या मनात उलट विचार आला. रमाबाईंना विधी समजत होता तरी वाट पाहावी लागली. मला विधी आठवतही नाही, तरी कुणीतरी माझी वाट पाहत थांबले असेल.

जानेवारीत, 7 तारखेच्या वर्गानंतर, मी पाळकसाहेबांना थांबवून खरे कारण सांगितले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अयोग्य प्रकारे भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो असे लिहिले आहे. मी तर अयोग्य आहेच, मग मेजाशी कशी जाऊ? त्यांनी मला तोच अध्याय थोडा आधीपासून वाचायला लावला. करिंथ येथे सधन माणसे आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल रागावला आहे तो या वागण्यावर. "अयोग्य माणसांनी येऊ नये असं तो म्हणत नाही, बाई. योग्य माणूस आहे कोण? एकाच मेजाशी एकाला तृप्त आणि एकाला उपाशी ठेवणं, हा अयोग्य प्रकार." मग त्यांनी गलतीकरांचा दुसरा अध्याय काढला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमहून काही लोक आल्यावर भीतीने वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले. विश्वासाने नीतिमान ठरण्याची गोष्ट त्या पत्रात सुरू होते ती अशी जेवणाच्या पंगतीवरून.

मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा समजवायला नको. पंक्तिभेद आपल्याला ठाऊक आहे. आमचे पणजोबा गावजेवणात पंगतीबाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसत, ही गोष्ट वडील आम्हाला सांगत. नगर जिल्ह्यात त्यांच्यासारखी कितीतरी घरे ख्रिस्ताकडे आली, आणि ज्या मेजाशी सगळे एकत्र गुडघे टेकतात ते मेज त्यांच्यासाठी काय असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. ज्या पंगतीत माझ्या पणजोबांना कृपेने जागा मिळाली, तिच्याबाहेर मी स्वतःला अकरा वर्षे स्वतःच बसवले होते.

पुढच्या रविवारी मी वही नेली. पाळकसाहेबांनी मधलेच एक पान वाचले आणि विचारले, "ही सगळी नावेची बाजू झाली. जमेची बाजू कुठे आहे?" जमेची बाजू नव्हती. त्यांनी कलस्सैकरांस पत्रातले दुसऱ्या अध्यायातले 14वे वचन काढून दिले. आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र देवाने खोडून टाकले आणि वधस्तंभाला खिळले, असे तिथे म्हटले आहे. मी ते वचन लहानपणापासून ऐकले होते, पण त्या दिवशी माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. पतसंस्थेत एखादे कर्ज पूर्ण माफ होते तेव्हा कर्जदाराच्या खात्यावरची बाकी शून्य होते, पण पैसा नाहीसा झालेला नसतो. तो तोटा संस्थेच्या ताळेबंदात बसतो. कुणीतरी तो सोसतोच. आजवर मला वाटत असे की क्षमा म्हणजे देवाने डोळेझाक केली, आणि अशी डोळेझाक मला पटत नव्हती, कारण आईला बोललेले शब्द खरेच वाईट होते. वधस्तंभावर देवाने तो तोटा स्वतःच्या नावे लिहून घेतला, हे मला तेव्हा समजले. बाकी खरी होती आणि ती खरोखरच फेडली गेली होती. मी हप्ते भरत होते ते बंद झालेल्या खात्यात.

हे समजल्यावर सगळे सोपे झाले असे नाही. वही रात्री टेबलावर असेच आणि हात तिच्याकडे जाई. सुटका झाल्यावरही कैद्याला काही दिवस पहाटेच्या घंटेला जाग येत असेल, तसे ते होते.

14 फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. त्या आठवड्यात मी दादाला पत्र लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आले की पत्रात मी घरावरचा हक्क सोडून द्यायची तयारी दाखवत होते. यजमानांनी वाचून विचारले, "हे तू मनापासून देतेयस की आईच्या फोनची भरपाई म्हणून?" मी ते पान फाडले. हक्कसोडपत्र करून मी पुन्हा क्षमा विकतच घ्यायला निघाले होते. गलतीकरांच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की तू आता दास नाहीस तर पुत्र आहेस, आणि पुत्र आहेस म्हणून वारसही आहेस. ज्याला तो वारसा मिळाला आहे त्याला गावच्या घराबद्दल घाईने काही सिद्ध करायची गरज उरत नाही, घर घ्यायचीही नाही आणि सोडायचीही नाही. मी फोन केला. दादा म्हणाला, "बोल." मी दाखल्याचे सांगितले. बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "ये. शिवरात्रीला सुट्टी असंल ना तुला?"

8 मार्चला मी गेले. वहिनींनी भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. जेवण झाल्यावर मी दादाला फोनवरचे ते शब्द सांगितले, त्याला आईकडून कळले असेलच असे धरून, आणि माफी मागितली. तो बराच वेळ भाकरीचा तुकडा चुरत बसला. मग म्हणाला, "आई मला त्या फोनाचं काही बोलली नाही." मी त्याच्याकडून एक वाक्य ऐकायला आले होते, आईने तुला माफ केले होते असे. ते सांगणारे या जगात कुणी नाही, हे मला त्या पाटावर बसल्या बसल्या उमगले. माणसाकडून मिळणारी पावती मला कधीच मिळणार नव्हती. ख्रिस्ताने जे केले आहे ते त्या पावतीशिवाय पुरे आहे का, एवढेच उरले होते, आणि माझ्या मनाने पहिल्यांदा, फार जोराने नव्हे पण हो म्हटले.

निवेदन दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिले. तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी रडले नाही, पाळकांची दाढी घट्ट धरली होती, असे त्याने सांगितले, पण कागदावर घातले नाही. कागदावर त्याने तारीख, आईवडिलांची नावे लिहिली आणि खाली वाक्य जोडले: "सदर बहिणीस घरी आम्ही बेबी म्हणत असू व आजही म्हणतो."

बाकीचे लवकर उरकले. मार्चअखेर कागद जमा झाले. एप्रिलमध्ये मंडळीच्या पंचकमिटीसमोर भेट झाली. विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा ठरलेला कबुलीपाठ), दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ हवी असते, आणि तुम्ही का आलात हे आपल्या शब्दांत सांगावे लागते. दोन प्रवास, लॉज, उतारा आणि दोन प्रतिज्ञापत्रे मिळून माझे साधारण 4,000 रुपये खर्च झाले. ज्यांची नोंद योग्य नावाने आहे त्यांना यातले फारसे काही लागणार नाही.

19 मेला उकाडा खूप होता आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत मतदान असल्याने रस्त्यांवर पोलीस होते. बिशपसाहेबांनी हात ठेवला तेव्हा मला त्या हाताचे वजन जाणवले, बाकी काही विलक्षण घडले नाही. मग प्रभुभोजन झाले. आत्याबाईंना घेऊन मी कठड्याशी गेले आणि या वेळी त्यांच्याशेजारी गुडघे टेकले. भाकरीचा तुकडा नखाएवढा होता. तो तळहातावर असताना मला आईचे शब्द आठवले, माझेही आठवले, आणि मी तो खाल्ला.

वही अजून कपाटात आहे. जुलैत एकदा मी तीत दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी वाचल्या आणि ज्या सहकाऱ्याशी कडू बोलले होते तिच्याशी बोलून आले. गावच्या घराच्या उताऱ्यावर दोघांची नावे आहेत आणि त्याचे काय करायचे ते आम्ही अजून ठरवलेले नाही.

दृढीकरणाचा दाखला 2 जूनला, उपासनेनंतर मिळाला. कार्यालयातल्या भाऊंनी लिहिण्यापूर्वी विचारले, "नोंदवहीतलं नाव घालायचं की आताचं?" मी दोन्ही घालायला सांगितली. माझ्या नावापुढे त्यांनी "ऊर्फ बेबी" लिहिले आणि शिक्का मारला. फोटो काढून मी तो दादाला पाठवला.